एक मूल, चार फायली

दोन अपंगत्वांची बेरीज कशी करायची, याचं सूत्र सरकारकडे तयार आहे. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते छापलेलं आहे. मोठी टक्केवारी नव्वदातून वजा करायची, उरलेल्या आकड्याला लहान टक्केवारीने गुणायचं, नव्वदाने भागायचं आणि येईल ते मोठ्या टक्केवारीत मिळवायचं. समजा, एखाद्या मुलाची स्वमग्नता ६० टक्के ठरली आणि बौद्धिक अक्षमता ५० टक्के, तर बेरीज ११० होत नाही, ७६.६७ होते. हिशेब म्हणून यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण याच मुलाला अतिचंचलता असेल, म्हणजे आता सगळेच ज्याला एडीएचडी म्हणतात ती, आणि वरचेवर फिट येत असतील, तर सूत्रात टाकायला आकडाच नसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी नाही. मेंदूच्या दीर्घकालीन आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही दोन नावं आहेत, अपस्माराचं नाही. घरात मात्र चारही गोष्टी एकाच मुलाच्या अंगाने वावरत असतात, आणि आईवडिलांची झोप उडवणारी गोष्ट बहुधा नेमकी तीच असते जिचा रकाना फॉर्मवर नाही.

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. ज्या मुलाला एकापेक्षा जास्त निदानं आहेत, त्याच्या पालकांची मुख्य अडचण निदान न मिळणं ही आता राहिलेली नाही. नाशिकसारख्या शहरात निदान मिळतं. उशिरा मिळतं, महाग मिळतं, पण मिळतं. अडचण पुढची आहे. प्रत्येक निदानामागे वेगळा डॉक्टर, वेगळी फाईल, वेगळा सल्ला आणि वेगळी फी येते, आणि या सगळ्यांना एकत्र बसवून 'या मुलाचं पुढच्या सहा महिन्यांत काय करायचं' हे ठरवणारं कोणीच नसतं. ते काम आपोआप आईच्या गळ्यात पडतं. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, बहुधा नोकरी सोडलेल्या, रात्रभर जागलेल्या बाईने न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट आणि शाळा यांच्यात समन्वय साधायचा, अशी आपली अलिखित योजना आहे. ही योजना बदलायला हवी आणि ती बदलणं वाटतं तितकं खर्चाचं नाही.

आधी हे पाहू की अशी मुलं अपवाद आहेत की नेहमीची. भारतातल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमधल्या मेंदूविकासाच्या विकारांचं सर्वेक्षण 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालं. हरियाणातलं पलवल, हिमाचलातलं कांगडा, ओडिशातलं ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार मुलांची त्यात तपासणी झाली. सहा ते नऊ वयोगटात या विकारांचं प्रमाण ठिकाणानुसार साडेसहा टक्क्यांपासून साडेअठरा टक्क्यांपर्यंत निघालं. आपल्या विषयाशी थेट संबंध आहे तो पुढच्या निष्कर्षाचा: ज्या मुलांमध्ये असा विकार आढळला, त्यांतल्या जवळपास एक पंचमांश मुलांना एकापेक्षा जास्त विकार होते. स्वमग्नता असलेल्यांचा वेगळा विचार केला तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 'लॅन्सेट सायकिएट्री'ने २०१९ मध्ये छापला. स्वमग्न व्यक्तींपैकी साधारण २८ टक्क्यांना एडीएचडी, २० टक्क्यांना चिंताविकार आणि १३ टक्क्यांना झोपेचा विकार असल्याचं त्यात दिसतं. स्वीडनचे बालमानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर गिलबर्ग यांनी २०१० मध्येच मांडलं होतं की लहान वयात ही लक्षणं एकमेकांत मिसळलेलीच येतात, त्यामुळे एकेका विकाराचं वेगळं क्लिनिक काढणं मुळातच चुकीचं आहे. गंमत अशी की अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ पर्यंत स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकाच मुलाला द्यायला मनाई केली होती. आज चाळिशीत असलेले अनेक डॉक्टर त्या मनाईच्या काळात शिकले आहेत. त्यामुळे 'एक मूल, एक आजार' ही सवय अजून पुरती सुटलेली नाही.

निदानं तुकड्यातुकड्यांनी का येतात, याचं उत्तर डॉक्टरांच्या चुकीत शोधायची गरज नाही, ते बऱ्याच अंशी वयात आहे. दोन वर्षांचं मूल बोलत नाही तेव्हा घरात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: याचा बापही उशिराच बोलला होता. त्यात वर्ष जातं. मग कान तपासतात, 'बेरा' ही ऐकण्याची चाचणी करतात, ती नॉर्मल येते, स्पीच थेरपी सुरू होते. तीन-साडेतीन वर्षांचं असताना कोणीतरी स्वमग्नतेची शंका काढतं आणि चाचणी होते. भारतीय चाचणीत चाळीस बाबी असतात: नजरेला नजर देतो का, हाक मारल्यावर वळतो का, एकटाच रमतो का, विशिष्ट आवाजाला कान झाकतो का. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण, आणि बेरीज सत्तर किंवा त्याहून जास्त झाली की स्वमग्नता. पण अतिचंचलतेचं निदान चार वर्षांच्या आत सहसा करत नाहीत, कारण तीन वर्षांचं कुठलंही मूल चंचलच असतं. ते निदान बालवाडीच्या बाईंच्या तक्रारीनंतर येतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र सरकारी नियमानेच वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही, आणि मिळाल्यावरही चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. फिट कधीही येऊ शकते. स्वमग्न मुलांमध्ये ती लहानपणी येते, तशी वयात येताना पहिल्यांदाही येते. म्हणजे तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि तेराव्या वर्षी नवा कागद हाती येणं यात विलक्षण काही नाही. विलक्षण हे आहे की दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.

तुकड्यांत उपचार झाले की नुकसान कसं होतं, हे औषधांच्या एका उदाहरणावरून नीट कळेल. फिनोबार्बिटोन हे फिटवरचं जुनं, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारं औषध. फिट थांबवण्यात ते वाकबगार आहे. पण काही लहान मुलांना त्याने गुंगी येण्याऐवजी उलटंच होतं, मूल अतिचंचल आणि चिडखोर होतं. लेव्हेटिरासिटॅम या नव्या औषधानेही काही मुलांचा चिडचिडेपणा वाढतो. आता असं मूल कल्पून पाहा. न्यूरॉलॉजिस्टने फिटचं औषध लिहून दिलं, दोन महिन्यांनी फिट थांबल्या, फाईलवर 'उत्तम' असा शेरा पडला. त्याच दोन महिन्यांत शाळेच्या डायरीत रोज तक्रार येऊ लागली की मूल जागेवर बसत नाही, मारतं. डायरी न्यूरॉलॉजिस्टपर्यंत जात नाही. ती मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत जाते, आणि ते अतिचंचलतेचं औषध सुरू करतात. मिथाइलफेनिडेटने लक्ष लागतं, पण भूक मरते आणि झोप लांबते. मूल स्वमग्न असेल तर ते आधीच वरणभात आणि एकाच कंपनीची बिस्किटं एवढ्यावर जगत असतं. आता तेही खात नाही. वजन उतरतं म्हणून बालरोगतज्ज्ञ टॉनिक देतात, आणि झोप अपुरी झाली की फिटचा धोका वाढतो तो वेगळाच. यात एकही डॉक्टर बेजबाबदार वागलेला नाही. प्रत्येकाने आपापली फाईल चोख सांभाळली आहे. सगळ्या फायली एका टेबलावर उघडल्या असत्या, तर पहिल्या डोसच्या वेळीच प्रश्न निघाला असता. (औषध पालकांनी मनाने बंद करणं हा यावरचा उपाय नव्हे. फिटचं औषध एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.)

उलट दिशेनेही गल्लत होते. एकदा 'ऑटिझम' हा शिक्का बसला की मुलाचं प्रत्येक वागणं त्याच्या खात्यावर टाकायची सवय लागते. डोकं आपटतं, ऑटिझम. रात्री ओरडतं, ऑटिझम. वर्गात क्षणभर शून्यात बघतं, ऑटिझम. पण न बोलणाऱ्या मुलाची दाढ दुखत असेल, कान फुटला असेल किंवा चार दिवस पोट साफ झालं नसेल, तर ते सांगणार कसं? ते डोकंच आपटणार. शून्यात बघणं ही काही सेकंदांची फिट असू शकते, आणि ती ईईजीवर दिसू शकते. म्हणून जाणते डॉक्टर वागणुकीत अचानक बदल झाला की आधी दात, कान, पोट आणि झोप तपासतात, मग मनाकडे वळतात. घरात तक्ता ठेवणारी आई इथे तज्ज्ञाइतकी उपयोगी पडते: किती वाजता झालं, आधी काय चाललं होतं, किती वेळ टिकलं, नंतर मूल झोपलं का. मोबाइलवर घेतलेला तीस सेकंदांचा व्हिडिओ कित्येकदा अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

आणि तरी याच आईला दोष देण्याची रीत जुनी आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून आईच्या थंडपणाला जबाबदार धरणारा सिद्धान्त लोकप्रिय केला. त्याला मोठा तडा १९७७ मध्ये गेला. सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलं स्वमग्न निघाली, भिन्न जुळ्यांच्या दहा जोड्यांपैकी एकीतही नाही. आई तीच, घर तेच, मग फरक पडला तो जनुकांचा. हा निष्कर्ष पन्नास वर्षं जुना होत आला, पण नाशिकमध्ये पंचवटीपासून सिडकोपर्यंत कुठल्याही जिन्यात अजून तेच ऐकू येतं: लाडावून ठेवलंय, वळण नाही, मोबाइल दिला म्हणून असं झालं. नवस, दृष्ट आणि बाहेरची बाधा हे त्याच दोषारोपाचे जुने अवतार. इथे एक शंका रास्त आहे. पालकांच्या वागण्याचा संबंध नसेल, तर मग डॉक्टर पालकांनाच प्रशिक्षण का देतात? पाच-सहा वर्षांच्या आतल्या अतिचंचल मुलांसाठी औषधाआधी पालक-प्रशिक्षणच सुचवलं जातं, हे खरं आहे. पण उपायात एखाद्याचा हात असणं आणि कारणात असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिओ झालेल्या मुलाचे पाय आई रोज चोळायची, म्हणून पोलिओ तिच्यामुळे झाला असं कोणी म्हणत नव्हतं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पालकांकडूनच येतो: निदानांची नावं गौण मानू नका, नावावरच सगळं मिळतं. हे सोळा आणे खरं आहे. किमान चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक आहे. जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट आहे, आणि अपंगत्व ऐंशी टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्यकवच मिळतं. म्हणून प्रमाणपत्र काढावंच, आणि लाज न बाळगता काढावं. पण तेवढ्याने भागत नाही. प्रमाणपत्र दार उघडतं, आत गेल्यावर काय करायचं ते सांगत नाही. शिवाय सरकारची दोन खाती एकाच मुलाकडे दोन नजरांनी पाहतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेत मुलांना तपासण्यासाठी तीस आजारांची यादी दिली आहे. त्या यादीत एडीएचडी आहे. म्हणजे आरोग्य खात्याचं पथक शाळेत येऊन ज्या मुलाची नोंद घेतं, तेच मूल प्रमाणपत्राच्या टेबलापाशी पोचेपर्यंत हिशेबातून गळलेलं असतं. केवळ एडीएचडी असलेल्या मुलाला प्रमाणपत्रच नाही, आणि स्वमग्नतेसोबत ती असेल तर टक्केवारीत तिचं वजन शून्य.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: पूर्वी कुठे होती इतकी मुलं? सगळ्या गोष्टींना आजार म्हणायची फॅशन आली आहे. या आक्षेपाला झटकून टाकू नये, कारण त्यात थोडं तथ्य आहे. व्याख्या रुंदावल्या आहेत. थेरपीचा बाजार वाढला आहे. 'बरं करतो' म्हणत स्टेमसेलपासून विशेष आहारापर्यंत काहीही विकणारे आहेत, आणि भेदरलेला पालक हे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक आहे. तरीही 'पूर्वी नव्हती' हे खरं नाही. होती, पण मोजली जात नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हती. २०११ च्या जनगणनेने देशात २.६८ कोटी अपंग मोजले, पण स्वमग्नतेचा रकाना तेव्हाही नव्हता. ही मुलं गावात 'वेडसर', 'अर्धवट', 'घुम्या' या नावांनी राहत होती, दुसरीत शाळा सोडत होती आणि ढोरांमागे जात होती. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमता विभागाने एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता एकत्र असलेल्या मुलांवर २००७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'तारे जमीं पर' आला आणि घराघरांत डिस्लेक्सिया हा शब्द पोचला. त्या निबंधातली दुहेरी अडचण मात्र पोचली नाही. सिनेमातल्या मुलाला एकच अडचण होती, आणि ती ओळखणारा शिक्षक भेटला की गोष्ट संपत होती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हे सगळं ठीक, पण तज्ज्ञ आणणार कुठून? २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख. तालुके पंधरा. बालमेंदूविकारतज्ज्ञ आणि बालमानसोपचारतज्ज्ञ जे आहेत ते शहरात, आणि शहरातही कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या आसपास. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरच्या आईला नाशिकच गाठणं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणं, तिथे मुंबई-पुण्याची गोष्ट सोडा. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समधलं औषध आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि ते विकायचा वेगळा परवाना प्रत्येक मेडिकलकडे नसतो. म्हणजे डॉक्टर भेटला तरी गोळीसाठी पुन्हा शहर. पण यातून जो निष्कर्ष काढला जातो, की तज्ज्ञ वाढेपर्यंत थांबावं, तो चुकीचा आहे. याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे झालेला 'पास' नावाचा प्रयोग २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिएट्री'त आला. दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुलं, आणि शिकवणारे तज्ज्ञ नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते. सहा महिन्यांत बारा भेटी. भेटीत आई मुलाशी खेळत असतानाचं चित्रण व्हायचं, मग आई आणि कार्यकर्ती बसून ते पाहायच्या आणि आईच्याच लक्षात यायचं की मूल झाकण फिरवत असताना आपण मध्येच 'हे काय, रंग कोणता' विचारून त्याचा धागा तोडतो. पुढच्या भेटीपर्यंत एकच गोष्ट बदलायची. प्रयोगाअखेर आईचं मुलाच्या लयीशी जुळवून घेणं स्पष्ट वाढलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळ्या मोजमापांवर सारखा फायदा दिसला नाही, हेही नोंदवलं पाहिजे. पण कमी शिकलेल्या हातांनी, मराठी-कोकणी मुलखात, असं काम होऊ शकतं एवढं तरी त्याने सिद्ध केलं.

नाशिकपुरतं बोलायचं तर सुटे भाग सगळे हजर आहेत. स्वतः विशेष मुलाची आई असलेल्या रजनी लिमये यांनी १९७७ साली इथे प्रबोधिनीचं काम सुरू केलं, आणि मतिमंद मुलांच्या शिक्षणाची जवळपास अर्ध्या शतकाची परंपरा या शहरात उभी राहिली. अठराव्या वर्षानंतर मुलगी कुठे जाणार या प्रश्नाला पिंपळगाव बहुल्याच्या 'घरकुल'ने आपल्या परीने उत्तर दिलं आहे. राज्यभरच्या डॉक्टर, परिचारिका आणि थेरपिस्टांचा अभ्यासक्रम ठरवणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून म्हसरूळला आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि सामाजिक कार्यकर्ता यांना एका छपराखाली आणायची कल्पना त्यात आहे, आणि केंद्राला व्यवस्थापकाचं पदही कागदावर आहे. शाळांसाठी विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये ते ठरवलं: प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढे पंधरांमागे एक. तेव्हा 'काहीच नाही' अशी ही गोष्ट नाही. भाग आहेत, ते एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक संस्थेची पात्रता एका निदानावर बेतलेली असते. विशेष शाळा म्हणते, बुद्ध्यंक जास्त आहे, तुमचं मूल आमच्यात बसत नाही. साधी शाळा म्हणते, वागणूक सांभाळता येत नाही, शॅडो टीचर, म्हणजे वर्गात सोबत बसणारा मदतनीस आणा. ज्याची अडचण जास्त, त्यालाच जागा कमी, असा उलटा न्याय.

म्हणून मागणी एकच आणि साधी असावी. एकापेक्षा जास्त निदानं असलेल्या प्रत्येक मुलामागे शीघ्र हस्तक्षेप केंद्राने एक माणूस नेमावा, नावानिशी आणि फोन नंबरनिशी. तो तज्ज्ञ असण्याची गरज नाही, प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ता पुरे. त्याने मुलाचा एकपानी सारांश अद्ययावत ठेवावा, दर सहा महिन्यांनी डॉक्टर, थेरपिस्ट आणि शाळा यांची एक बैठक घडवावी, प्रत्यक्ष जमली नाही तर फोनवर. नवं औषध सुरू झालं की शाळेला कळवावं आणि शाळेची तक्रार आली की डॉक्टरला. यावर कोणी म्हणेल, आणखी एक पद म्हणजे आणखी एक सही, आणखी एक खेटा. भीती खरी आहे. त्यावर उपाय इतकाच की या माणसाला मंजुरीचा कोणताही अधिकार देऊ नये. त्याचं काम अडवण्याचं नाही, पोचवण्याचं. दुसरी शंका खर्चाची. आज एका मुलामागे चार ठिकाणी त्याच तपासण्या पुन्हा होतात आणि आईची नोकरी जाते, त्याचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही. आणि या बैठकीत निदानांची यादी वाचून सुरुवात करू नये. कामांची यादी करावी, तीही क्रमाने: जीव सुरक्षित आहे का, झोप होते का, जेवतं का, दुखलंखुपलं आणि हवं-नको कळवता येतं का, घरातल्या इतरांना श्वास घ्यायला फुरसत आहे का, आणि मग अभ्यास. एका वेळी दोन उद्दिष्टं पुरेत. आठवड्याला पाच थेरप्यांमागे पळणारं मूल थेरपीनेच थकतं, आणि थकलेलं मूल कोणत्याही निदानाशिवायही चिडतं.

असा माणूस नेमला जाईपर्यंत पालकांनी काय करावं, तर तो कागद स्वतः करावा. एकच पान. वर मुलाचं नाव, वय, वजन. मग निदानं, तारखेसह. मग सध्याची औषधं, डोस आणि कधीपासून. मग न चाललेली औषधं आणि काय झालं. फिट आली तर शाळेने काय करायचं, हे तीन ओळींत: कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. शेवटी मुलाला काय आवडतं आणि कशाने शांत होतं. हे पान प्रत्येक डॉक्टरला, वर्गशिक्षकांना, व्हॅनवाल्या काकांना आणि आजी-आजोबांना द्यावं. वडिलांनी महिन्यातून किमान एकदा फाईल घेऊन एकट्याने दवाखान्यात जावं. 'मुलाचं सगळं तीच बघते' हे कौतुक नव्हे, ती कबुली आहे. आणि मूल आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर कधीतरी पालकांच्या मनात येणारा प्रश्न, आपल्यानंतर याचं कोण, तो टाळू नये. मूल अठराचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. बँकेच्या काउंटरवर अडेपर्यंत बहुतेकांना याची खबर नसते.

हा अंक हातात घेतलेल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असं मूल नसेल, पण सोसायटीत, वर्गात किंवा नात्यात नक्की असेल. त्यांच्याकडे मागणं दोन गोष्टींचं आहे. त्या आईला सल्ला देऊ नका, रविवारचे दोन तास द्या. मुलाला सांभाळा आणि तिला झोपू द्या. आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत, महापालिकेच्या नगरसेवकाकडे किंवा जिल्हा परिषदेच्या सदस्याकडे एकच प्रश्न लेखी विचारा: आपल्या भागातल्या बहुविध निदानांच्या मुलांसाठी जबाबदार माणूस कोण, आणि त्याचा फोन नंबर काय? या प्रश्नाच्या उत्तरासाठी नवा कायदा करावा लागत नाही, नवं रुग्णालय बांधावं लागत नाही. योजना आहे, केंद्राची तरतूद आहे, व्यवस्थापकाचं पद आहे. त्या पदाकडे असा माणूस नेमून देण्याचं काम सोपवणारा आदेश तेवढा निघायचा आहे.